कू क्लक्स क्लॅनमध्ये पेरलेली माणसे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेत तेथील पोलिसांनी आणि एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेने अनेकदा आपली माणसे पेरली. त्यांपैकी कोलोरॅडोतील एका कामगिरीची कथा जगभर पोहोचली. अलाबामातील दुसरी कथा त्या मानाने फार थोड्यांना ठाऊक आहे. माझ्या मते या विषयातील खरे प्रश्न त्या दुसऱ्या कथेतून उभे राहतात, म्हणून पुढील उत्तरांत तिला अधिक जागा दिली आहे.

क्लॅनमध्ये माणसे पेरण्याची गरज का भासली?

क्लॅनची पहिली आवृत्ती अमेरिकी यादवी युद्धानंतर टेनेसी राज्यातील पुलास्की गावात उभी राहिली. दुसरी १९१५ मध्ये जॉर्जियातील स्टोन माउंटन येथे स्थापन झाली. नागरी हक्कांच्या चळवळीने जोर धरल्यावर, म्हणजे १९५० आणि १९६० च्या दशकांत, दक्षिणेतील राज्यांत तिचे अनेक गट पुन्हा सक्रिय झाले. सदस्यांना गुप्ततेची शपथ घ्यावी लागत असे आणि चेहरे बुरख्याआड असत. त्याहून मोठी अडचण अशी की अनेक ठिकाणी स्थानिक पोलीसच संघटनेचे सदस्य किंवा सहानुभूतीदार होते. साक्षीदार भीतीने गप्प बसत आणि साक्ष झालीच, तरी केवळ गोऱ्यांची ज्युरी आरोपींना सोडून देत असे. १५ सप्टेंबर १९६३ रोजी अलाबामातील बर्मिंगहॅम शहरात सोळाव्या रस्त्यावरील बॅप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्बस्फोट होऊन चार मुली मृत्युमुखी पडल्या. त्या गुन्ह्यात पहिली शिक्षा व्हायला १९७७ साल उजाडले आणि शेवटच्या आरोपीला दोषी ठरवेपर्यंत २००२ उजाडले. बाहेरून तपास करून हाती काही लागत नाही, असा अनुभव वारंवार आल्यामुळे आतली माहिती देणारा माणूस हाच उपाय उरला होता.

गुप्त पोलीस आणि खबऱ्या यांत फरक काय?

गुप्त पोलीस हा शपथ घेतलेला सरकारी नोकर असतो. त्याला प्रशिक्षण मिळालेले असते, वरिष्ठांचे हुकूम त्याच्यावर बंधनकारक असतात आणि चूक झाली तर त्याची नोकरी जाते. खबऱ्या हा बहुधा त्या संघटनेतलाच किंवा तिच्या वर्तुळातला माणूस असतो. तो पैशासाठी, शिक्षा टळावी म्हणून किंवा क्वचित मनापासून माहिती देतो. कोलोरॅडोच्या कथेतले रॉन स्टॉलवर्थ हे पहिल्या प्रकारातले, तर अलाबामाच्या कथेतला गॅरी थॉमस रो हा दुसऱ्या प्रकारातला. बाहेरच्या माणसाला दोघेही ‘क्लॅनमध्ये घुसलेले’ दिसतात, परंतु त्यांच्यावरील अंकुशात जमीन-अस्मानाचे अंतर होते.

कृष्णवर्णीय अधिकारी क्लॅनचा सदस्य झाला, हे कसे शक्य झाले?

स्टॉलवर्थ १९७२ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहराच्या पोलीस खात्यात उमेदवार म्हणून दाखल झाले आणि पुढे त्या खात्यातील पहिले कृष्णवर्णीय गुप्त तपास अधिकारी ठरले. ऑक्टोबर १९७८ मध्ये स्थानिक वर्तमानपत्र चाळत असताना छोट्या जाहिरातींत त्यांना क्लॅनची जाहिरात आणि एक टपालपेटी क्रमांक दिसला. आपण गोरे असून या कार्यात सामील होऊ इच्छितो, असे पत्र त्यांनी लिहिले. उत्तरादाखल एखादे पत्रक मिळेल, यापलीकडे काही होईल असे त्यांना वाटले नव्हते. त्यामुळे त्यांनी खाली स्वतःचेच खरे नाव घातले. दूरध्वनी क्रमांक मात्र गुप्त कामांसाठी ठेवलेला, ज्याचा माग काढता येणार नाही असा दिला.

थोड्याच दिवसांत स्थानिक शाखा बांधणाऱ्या माणसाचा फोन आला. हा माणूस शहराजवळच्या फोर्ट कार्सन लष्करी तळावरील सैनिक होता. सामील का व्हायचे आहे, या प्रश्नावर स्टॉलवर्थ यांनी आपल्या बहिणीचे एका कृष्णवर्णीयाशी संबंध असल्याची कहाणी रचून सांगितली. समोरच्याला ती पसंत पडली आणि त्याने भेटायला बोलावले. येथे मोठी पंचाईत झाली असती, पण खात्याने तोड काढली. अमली पदार्थविरोधी पथकातला एक गोरा अधिकारी ‘रॉन स्टॉलवर्थ’ बनून, अंगावर बोलणे टिपणारे यंत्र लपवून भेटींना जाऊ लागला. फोनवर खरे स्टॉलवर्थ बोलत आणि प्रत्यक्षात त्यांचा गोरा सहकारी भेटे. प्रत्येक भेटीत काय बोलणे झाले, हे दुसऱ्याला तंतोतंत ठाऊक असणे भाग होते. एकदा शाखाप्रमुखाला फोनवरचा आवाज निराळा वाटला, तेव्हा स्टॉलवर्थ यांनी सायनसच्या त्रासाची सबब सांगून वेळ मारून नेली.

सदस्यत्वाचे ओळखपत्र यायला उशीर होऊ लागला, तेव्हा त्यांनी थेट लुइझियानात डेव्हिड ड्यूक याला फोन लावला. ड्यूक हा त्या काळी क्लॅनच्या सर्वांत प्रसिद्ध गटाचा राष्ट्रीय प्रमुख होता. बुरख्याऐवजी सूट घालून दूरचित्रवाणीवर बोलणारा हा पुढारी फोनवर मनमोकळा झाला आणि नंतर त्यांचे अनेकदा बोलणे झाले. कृष्णवर्णीय माणूस फोनवर उच्चारांवरून ओळखता येतो, असा दावाही त्याने स्टॉलवर्थ यांच्यापाशीच केला. ड्यूकच्या सहीचे ओळखपत्र यथावकाश आले.

जानेवारी १९७९ मध्ये ड्यूक कोलोरॅडो स्प्रिंग्जला आला. त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या, म्हणून पोलीस खात्याने संरक्षणासाठी नेमके स्टॉलवर्थ यांनाच पाठवले. त्यांनी ड्यूकला सांगितले की तुमची मते मला मान्य नाहीत, परंतु तुमच्या सुरक्षेची जबाबदारी मी पार पाडीन. मग त्यांनी एकत्र छायाचित्र काढण्याची विनंती केली आणि पोलरॉइड कॅमेरा आपल्याच गोऱ्या सहकाऱ्याच्या, म्हणजे दुसऱ्या ‘रॉन’च्या, हाती दिला. कळ दाबण्याच्या क्षणी त्यांनी ड्यूक आणि क्लॅनचा राज्यप्रमुख या दोघांच्याही खांद्यांवर हात टाकले. ड्यूक कॅमेऱ्यावर झडप घालायला धावला. आपल्याला हात लावल्यास पोलीस अधिकाऱ्यावरील हल्ल्याबद्दल अटक होईल, अशी ताकीद स्टॉलवर्थ यांनी त्याला दिली.

एवढ्या खटाटोपातून एकही अटक झाली नाही, हे खरे आहे का?

होय, खरे आहे. म्हणून ती कामगिरी वाया गेली असे काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. दहशत बसवण्यासाठी क्रॉस जाळण्याची क्लॅनची रीत होती आणि तसे बेत पोलिसांना आधीच कळत. त्या जागी गस्त वाढली की ते बेत बारगळत आणि कृष्णवर्णीय वस्तीतल्या मुलांना आपल्या दारापुढे जळता क्रॉस पाहावा लागत नसे. संघटनेत लष्करातील माणसे असल्याचेही उघड झाले. त्यांपैकी दोघे नोरॅड या उत्तर अमेरिकेच्या हवाई संरक्षण केंद्रात संवेदनशील पदांवर होते आणि त्यांची तेथून बदली झाली.

काही महिन्यांनी स्थानिक शाखेने ‘रॉन स्टॉलवर्थ’ यांनाच शाखाप्रमुख करण्याचा विचार मांडला. खात्यातला अधिकारी क्लॅनचा प्रमुख झाल्याची बातमी फुटेल, या धास्तीने पोलीस प्रमुखांनी तपास तत्काळ गुंडाळला आणि सर्व कागद नष्ट करण्याचा हुकूम दिला. स्टॉलवर्थ यांनी काही कागद घरी नेऊन जपले. ही हकीकत त्यांनी २००६ पर्यंत जाहीर केली नाही. त्यांनी हुकूम मोडला, हे खरे. पण तो हुकूमच चुकीचा होता, असे मी म्हणेन. सरकारी यंत्रणेने नागरिकांवर ठेवलेल्या पाळतीची नोंद जाळून टाकणे म्हणजे पुढे कोणालाही त्या पाळतीची तपासणी करता येऊ नये, अशी तजवीज करणे होय.

अशा संघटनेचा सदस्य असणे हाच गुन्हा का नाही?

अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती भाषण आणि संघटन यांचे स्वातंत्र्य देते. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रँडनबर्ग खटल्यात ओहायोतील एका क्लॅन पुढाऱ्याचीच शिक्षा रद्द केली. बेकायदा कृत्य तत्काळ घडवून आणण्याचा हेतू आणि ते घडण्याची खरीखुरी शक्यता, या दोन्ही गोष्टी असल्याखेरीज केवळ हिंसेचा पुरस्कार करणारे भाषण दंडनीय ठरत नाही, असा तो निकाल आहे. म्हणूनच तेथील तपास अधिकाऱ्याला द्वेषाची शेकडो वाक्ये ऐकावी लागतात आणि त्यांपैकी कोणते वाक्य कटाचा भाग आहे, हे निवडावे लागते.

गॅरी थॉमस रो कोण होता?

रो हा बर्मिंगहॅमचा रहिवासी आणि मारामाऱ्यांसाठी ओळखला जाणारा माणूस होता. एफबीआयने १९६० मध्ये त्याला हाताशी धरले आणि त्याच्याकरवी शहरातील ईस्टव्ह्यू क्रमांक १३ या अत्यंत हिंसक शाखेत शिरकाव करून घेतला. पाच वर्षे तो पगारी खबऱ्या होता. हिंसेत भाग घेऊ नये, अशी सूचना त्याला दिली होती. पण ज्या शाखेचे मुख्य काम मारहाण हेच होते, तिच्यात हात न उचलता विश्वास कमावायचा कसा, याचे उत्तर त्याला कोणी दिले नाही.

१४ मे १९६१ हा दिवस यासाठी पाहावा लागतो. बसमधील वर्णभेद मोडण्यासाठी निघालेले स्वातंत्र्ययात्री, म्हणजे कृष्णवर्णीय आणि गोऱ्या कार्यकर्त्यांची मिश्र तुकडी, त्या दिवशी अलाबामात पोहोचणार होते. बर्मिंगहॅमच्या पोलिसांनी क्लॅनला पंधरा मिनिटांची मोकळीक देऊ केली होती. तेवढा वेळ बसस्थानकावर एकही पोलीस फिरकणार नव्हता. रोने हा बेत आधीच एफबीआयला कळवला होता. एफबीआयने ना केंद्रीय कायदा मंत्री रॉबर्ट केनेडी यांना सावध केले, ना यात्रेकरूंना. माहिती दिली ती बर्मिंगहॅम पोलिसांना आणि तीसुद्धा क्लॅनशी संधान असलेल्या अधिकाऱ्याला, त्याचे हे संधान ठाऊक असताना.

त्या दिवशी ट्रेलवेज बसस्थानकावर लोखंडी नळ्या आणि दंडुके घेतलेला जमाव यात्रेकरूंवर तुटून पडला. यात्रेकरूंपैकी जेम्स पेक यांच्या डोक्याला आणि चेहऱ्याला पन्नासहून अधिक टाके पडले. बर्मिंगहॅम पोस्ट-हेराल्डच्या छायाचित्रकाराने टिपलेल्या एका छायाचित्रात काही जण एका माणसाला घेरून मारताना दिसतात. त्यांत कॅमेऱ्याकडे पाठ असलेला धिप्पाड माणूस म्हणजे रो. तो माणूस सरकारने पेरलेला होता, आणि सरकारकडे बेताची पूर्ण माहिती असताना मार खाणाऱ्यांपर्यंत तिचा एक शब्दही पोहोचला नाही. माणूस पेरण्याचा उद्देश माहिती मिळवणे हा असतो, असे म्हणतात. ती वापरायचीच नसेल, तर उद्देश काय उरतो?

व्हायोला लिउझो यांच्या खुनाशी त्याचा संबंध काय?

व्हायोला लिउझो या डेट्रॉइटच्या ३९ वर्षांच्या, पाच मुलांच्या आई. मतदानाच्या हक्कासाठी सेल्मा ते माँटगोमेरी निघालेल्या मोर्चाच्या मदतीला त्या स्वतःची मोटार घेऊन आल्या होत्या. २५ मार्च १९६५ रोजी मोर्चा संपल्यावर त्या मोर्चेकऱ्यांची ने-आण करत होत्या आणि शेजारी लेरॉय मोटन हा १९ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण बसला होता. क्लॅनच्या चौघांनी त्यांच्या मोटारीचा पाठलाग केला, ती गाठली आणि गोळ्या झाडल्या. लिउझो जागीच ठार झाल्या. मोटन मेल्याचे सोंग घेऊन वाचला. त्या चौघांतला एक रो होता. आपण क्लॅनच्या माणसांबरोबर जात आहोत, हे त्याने त्या दिवशी आपल्या एफबीआय अधिकाऱ्याला आधी कळवले होते आणि अधिकाऱ्याने त्याला जाऊ दिले होते.

दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दूरचित्रवाणीवर अटकेची घोषणा केली. एवढ्या लवकर छडा लागला, तो मोटारीतच सरकारचा माणूस असल्यामुळे. राज्याच्या न्यायालयात खुनाची शिक्षा कोणालाच झाली नाही. डिसेंबर १९६५ मध्ये केंद्रीय न्यायालयाने नागरी हक्क हिरावण्याच्या कटाबद्दल तिघांना प्रत्येकी दहा वर्षांची शिक्षा दिली, ती मुख्यतः रोच्या साक्षीवर. रोला अभय मिळाले आणि नव्या नावाने नवे आयुष्यही मिळाले.

एफबीआयचे संचालक जे. एडगर हूवर यांनी या काळात जे केले, त्याविषयी संयमाने लिहिणे मला जड जाते. आपला माणूस त्या मोटारीत होता, यावरून टीका होऊ नये, म्हणून मृत स्त्रीच्या चारित्र्याविषयी आणि तिच्या कथित व्यसनाविषयी कंड्या पिकवल्या गेल्या. आईच्या खुनानंतर वर्षानुवर्षे त्या पाच मुलांनी या अफवा झेलल्या. त्यांचा उगम कागदोपत्री बाहेर यायला १९७० चे दशक संपत आले.

पेरलेल्या माणसाला गुन्हा करण्याची मुभा असते का?

१९७५ मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखाली गुप्तचर यंत्रणांची चौकशी करणाऱ्या सिनेटच्या समितीपुढे रो डोक्यावर बुरखा घालून साक्षीला बसला. आपण आणि शाखेतल्या इतरांनी लोकांना निर्दयपणे मारले आणि हे एफबीआयला ठाऊक होते, असे त्याने सांगितले. त्या चौकशीनंतर १९७६ मध्ये कायदा मंत्री एडवर्ड लेव्ही यांनी एफबीआयसाठी पहिली लेखी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. आजच्या नियमांनुसार खबऱ्याला काही मर्यादित बेकायदा कृत्यांची पूर्वपरवानगी देता येते, उदाहरणार्थ अमली पदार्थ खरेदी करणे. स्वसंरक्षण वगळता हिंसेची परवानगी मात्र देता येत नाही. नियम चांगला आहे. तो पाळला जातो की नाही, हे त्या खबऱ्याला हाताळणारा अधिकारी दर आठवड्याला त्याला काय विचारतो आणि काय न विचारता सोडून देतो, यावर अवलंबून असते.

एफबीआयचे क्लॅनमध्ये किती खबरे होते, आणि त्यांचा उपयोग झाला का?

सप्टेंबर १९६५ मध्ये हूवर यांनी व्हाइट हाउसला दिलेल्या माहितीनुसार क्लॅनसह एकूण वांशिक प्रकरणांची माहिती देणारी एफबीआयची जवळपास २,००० माणसे व सूत्रे होती. आकडा फुगवलेला असू शकतो, परंतु संघटना आतून पोखरली गेली होती यात शंका नाही. सप्टेंबर १९६४ पासून एफबीआयने ‘कोइंटेलप्रो’ या गुप्त मोहिमेची एक शाखा क्लॅनविरुद्ध चालवली. तीत सदस्यांच्या घरी ‘तुम्ही कोण आहात, हे कोणाला तरी माहीत आहे’ अशा आशयाची उघडी टपालकार्डे पाठवली जात. पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत सर्वांना ती वाचता यावीत, असाच त्यांचा हेतू होता. भांडणे लावली, संशय पेरला आणि अनेक शाखा मोडल्या.

क्लॅनविरुद्ध म्हणून या युक्त्यांचे कौतुक करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याच मोहिमेतील त्याच प्रकारच्या युक्त्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्याविरुद्धही वापरल्या गेल्या, आणि १९६४ च्या नोव्हेंबरात त्यांना आत्महत्या सुचवणारे निनावी पत्र एफबीआयनेच पाठवले होते.

अंगावर यंत्र लपवून संभाषण टिपणे कायदेशीर आहे का?

अमेरिकेत सर्वसाधारणपणे आहे. समोरच्यावर विश्वास ठेवून बोलणाऱ्याने त्याच्या दगाबाजीचा धोका स्वतः पत्करलेला असतो, असा सर्वोच्च न्यायालयाच्या १९६६ आणि १९७१ मधील निकालांचा रोख आहे.

चिथावणी आणि तपास यांतील रेषा कोठे आखायची?

गुन्ह्याची कल्पना सरकारी माणसाने आरोपीच्या डोक्यात घातली आणि एरवी त्याच्या हातून तो गुन्हा घडला नसता, तर आरोपी निर्दोष सुटू शकतो. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९३२ पासून मान्य केले आहे. आरोपीची मुळातच तशी प्रवृत्ती होती, असे सरकारने दाखवले तर मात्र हा बचाव टिकत नाही.

मिशिगनच्या राज्यपाल ग्रेचेन व्हिटमर यांच्या अपहरणाचा कट ऑक्टोबर २०२० मध्ये उघड झाला, तेव्हा हाच मुद्दा ऐरणीवर आला. त्या सशस्त्र गटातला मुख्य खबऱ्या माजी सैनिक होता. गटात पोलिसांना मारण्याची भाषा ऐकून तो हादरला, स्वतःहून पोलिसांकडे गेला आणि नंतर एफबीआयसाठी गटात थांबला. सर्व बेत खबऱ्यांनी आणि गुप्त अधिकाऱ्यांनीच फुलवला, असा आरोपींचा दावा होता. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय ज्युरीने दोघांना निर्दोष ठरवले आणि दोघांबाबत तिचे एकमत झाले नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फेरसुनावणीत ते दोघे दोषी ठरले. तेच पुरावे दोन ज्युरींनी दोन तऱ्हांनी पाहिले, यावरून ही रेषा किती पुसट असते ते कळते.

पोलीस नसलेल्या व्यक्तींनी असे काम केले आहे का?

केले आहे. एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेचे वॉल्टर व्हाइट कृष्णवर्णीय होते, पण वर्णाने इतके गोरे की कोणाला शंका येत नसे. १९१८ पासून त्यांनी दक्षिणेत हिंडून जमावाने केलेल्या हत्यांची माहिती गुन्हेगारांच्याच तोंडून मिळवली. १९१९ मध्ये आर्कान्सात त्यांचे बिंग फुटण्याच्या बेतात आले, तेव्हा आगगाडी पकडून ते कसेबसे निसटले. स्टेट्सन केनेडी यांनी १९४० च्या दशकात जॉर्जियात क्लॅनचे संकेतशब्द आणि विधी गोळा करून ते नभोवाणीवरील सुपरमॅन मालिकेच्या निर्मात्यांना पुरवल्याचे सांगितले. त्यांच्या कथनात दुसऱ्या एका खबऱ्याचे अनुभव मिसळले असल्याचे पुढे निदर्शनास आले. आज कोणी एकट्याने असा उद्योग करू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. पाठीशी संस्था नसेल, तर बिंग फुटल्यावर सोडवायला कोणी येत नाही आणि मिळालेला पुरावा न्यायालयात टिकण्याची शक्यताही कमी होते.

रोच्या प्रकरणात पीडितांना भरपाई मिळाली का?

१९७८ मध्ये अलाबामाच्या ज्युरीने रोवरच लिउझो यांच्या खुनाचा आरोप ठेवला. त्याने तो नाकारला आणि पूर्वी मिळालेल्या अभयामुळे केंद्रीय न्यायालयांनी खटला चालू दिला नाही. तो १९९८ मध्ये जॉर्जियात बदललेल्या नावानेच वारला.

वॉल्टर बर्गमन हे मिशिगनचे निवृत्त प्राध्यापक स्वातंत्र्ययात्रींपैकी एक होते. अलाबामातील अ‍ॅनिस्टन येथे बसमध्ये शिरलेल्या क्लॅनच्या माणसांनी त्यांना जबर मारले. त्याच वर्षी त्यांना पक्षाघात झाला आणि पुढचे सारे आयुष्य चाकांच्या खुर्चीत गेले. हल्ल्याची पूर्वसूचना असूनही एफबीआयने तो रोखला नाही, असा दावा त्यांनी लावला आणि १९८३ मध्ये मिशिगनच्या पश्चिम जिल्ह्यातील केंद्रीय न्यायालयाने सरकारला जबाबदार धरले. लिउझो यांच्या मुलांचा दावा त्याच राज्याच्या पूर्व जिल्ह्यातील केंद्रीय न्यायालयात होता. सरकारने पेरलेला माणूस तोच होता आणि वर्षही तेच, १९८३. तो दावा फेटाळला गेला आणि न्यायालयीन खर्चाचा बोजा प्रारंभी त्या मुलांवरच टाकण्यात आला.